वाहनांची प्रत्यक्ष पडताळणी: नगरपरिषदेच्या यार्डात होणाऱ्या या चुका टाळा

मार्च जवळ आला की वाहन विभागात पडताळणीची धावपळ सुरू होते. बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीचा तक्ता काढतात, तारीख बदलतात, टिका मारतात आणि सह्या होतात. मग यादी वर्षानुवर्षे तीच राहते. घंटागाड्या, टँकर, जेसीबी, गटारे साफ करणारे जेटिंग मशीन, अग्निशमन बंब हे सगळे लोकांच्या करातून आलेले आहे. ते जागेवर आहे का, चालू आहे का आणि त्यातले काय शिल्लक आहे, हे कोणीतरी खाली वाकून बघायलाच हवे.

नंबरप्लेट पाहून टिक मारणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्लेट अपघातात तुटते, रंगकामाच्या वेळी उतरवतात, कधी दुसऱ्याच गाडीला लागते. गाडीची खरी ओळख म्हणजे चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावरचा क्रमांक. मालवाहू गाडीत तो बहुधा फ्रेमच्या उजव्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास कोरलेला असतो. घंटागाडीवर तिथे ओला कचरा आणि ग्रीसचा थर बसलेला असतो. डिझेलच्या बोळ्याने तो पुसा, मऊ ब्रश फिरवा आणि टॉर्च समोरून न धरता तिरकी धरा, म्हणजे अक्षरे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ती छाप तक्त्याला जोडा. कानस किंवा ग्राइंडर मात्र कधीही लावू नका. घासलेला नंबर पाहिला की आरटीओला आणि विमा कंपनीला छेडछाडीचाच संशय येतो.

आजकालच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. त्यामुळे तक्त्यात कोणी ओ लिहिला असेल तर तो शून्य आहे. आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळत नाही म्हणून अडलेली बरीच प्रकरणे एवढ्यावरच सुटतात. फार जुन्या गाड्यांना मात्र हा हिशेब लागू होत नाही.

इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नका. आधी दुरुस्तीची फाईल बघा. इंजिन बदललेले असते, बिलही दिलेले असते, फक्त आरसीवर तो बदल चढवायचा राहिलेला असतो.

यादी हातात घेऊन गाड्या शोधणे

यादीतली गाडी सापडली की टिक मारायची, ही पद्धत अर्धीच आहे. यादीत नसलेली वस्तू तिच्यात कधीच सापडत नाही. आधी कोरा कागद घेऊन यार्ड फिरा, दिसेल ते लिहा आणि मग कार्यालयात बसून यादीशी जुळवा. असे केले की अनुदानातून आलेला, पण रजिस्टरला कधीच न चढलेला पंप समोर येतो. ठेकेदाराची गाडी आपल्या आवारात उभी राहते म्हणून आपल्यात मोजली जात होती, तेही कळते. उलट, नगरपरिषदेच्या मालकीच्या गाड्या ठेकेदाराकडे चालवायला दिलेल्या असतात, त्या त्याच्या आवारात जाऊनच पाहाव्या लागतात. मालकी आरसीवर ठरते, रंगावर किंवा दारावरच्या नावावर नाही.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगवेगळी असते, त्यामुळे तक्त्यातही दोन ओळी हव्यात. कॉम्पॅक्टरची (कचरा दाबून भरणाऱ्या गाडीची) बॉडी आणि चेसिस वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली असते. म्हणून बॉडीच्या पाटीवरचा अनुक्रमांकही लिहून घ्या.

अकरा वाजता यार्डात पोहोचणे

तोवर गाड्या शहरभर पांगलेल्या असतात. पडताळणी पहाटे, गाड्या बाहेर पडण्याआधी करा. दोन-तीन ठिकाणी गाड्या लागत असतील तर सगळीकडे एकाच वेळी माणसे पाठवा. नाहीतर गाळ उपसणारा एकच मडपंप सकाळी एका डेपोत आणि दुपारी दुसऱ्या डेपोत मोजला जातो. पाहून झालेल्या वस्तूवर त्या वर्षाच्या रंगाची खूण करा. ज्याच्या ताब्यात वस्तू आहेत त्याने हजर राहावे, पण मोजणी दुसऱ्याने करावी.

लॉगबुकातला आकडा मीटरच्या रकान्यात उतरवणे

हे मला सगळ्यात जास्त खटकते, कारण यात थेट डिझेलचा पैसा अडकलेला असतो. चालक सांगतो, "साहेब, मीटर कधीचाच बंद आहे." मग लॉगबुकात रोजचे किलोमीटर कुठून येतात, हे तिथेच विचारायला हवे. मीटर बंद असेल तर रकान्यात ‘बंद’ असेच लिहा आणि काटा कुठे थांबला आहे तेही लिहा. जेसीबीला किलोमीटरला अर्थ नाही, तिथे इंजिन किती तास चालले ते दाखवणारा अवर मीटर पाहा. गेल्या पडताळणीनंतर किती तास वाढले आणि तेवढ्या काळात डिझेल किती गेले, हे शेजारी मांडले की वेगळ्या चौकशीची गरज आहे का ते लगेच दिसते.

बंद गाडीपुढे नुसते ‘नादुरुस्त’ लिहिणे

कोपऱ्यात झुडपांत उभी असलेली गाडी आतून किती रिकामी झाली आहे, हे त्या एका शब्दातून कळत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, अल्टरनेटर, बॅटरी, टायर आणि स्टेपनी यांच्यापुढे आहे की नाही ते एकेक करून लिहा. एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावणे ही गॅरेजची रोजची गरज आहे आणि त्यात गैर काही नाही. पण त्याची नोंद हवी, नाहीतर लिलावाच्या दिवशी उत्तर द्यायला कोणी नसते. टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. गेल्या वर्षी नवे टायर घेतल्याचे बिल असेल आणि गाडीला २०१९चे टायर असतील, तर ते लिहून ठेवा.

तक्त्यात खरेदीच्या वर्षाबरोबर नोंदणीची तारीखही घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५२ए या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही, आणि महापालिका-नगरपालिकाही त्यात येतात. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडीत काढावी लागते. मुदत कधी संपते हे आधी कळले तर नव्या गाडीची तरतूद वेळेवर करता येते.

कागदी स्टिकर

फॉगिंग मशीन, जनरेटर, पंप यांना नंबरप्लेट नसते आणि कागदी स्टिकर एका धुण्यात निघून जातो. नंबर रंगाने टाका किंवा पत्र्यावर ठोकून रिव्हेट करा. मशीनच्या मूळ पाटीचा फोटोही घ्या.

गाडी सापडतच नाही

चालकांना विचारत फिरण्याआधी कागद पाहा. लॉगबुकातली शेवटची नोंद, डिझेलची शेवटची पावती, फास्टॅगचे विवरण आणि ई-चलन यांवरून गाडी शेवटची कधी आणि कुठे होती ते समजते. बहुतेक वेळा ती बिल न दिल्यामुळे खासगी गॅरेजमध्ये अडकलेली असते, अपघातानंतर पोलीस ठाण्यात जमा असते किंवा निवडणुकीसाठी दुसऱ्या कार्यालयाला दिलेली असते. तिथे जाऊन चेसिस नंबर पाहिल्याशिवाय ‘सापडली’ असे लिहू नका. काही वेळा गाडी लिलावात केव्हाच गेलेली असते, फक्त डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरमधून कमी केलेली नसते आणि आरसी रद्द झालेली नसते. ती रस्त्यावर धावत असेल तर चलन आणि अपघाताची नोटीस नगरपरिषदेच्याच नावावर येते, म्हणून हे काम त्याच आठवड्यात हाती घ्या.

तफावत दिसली की रजिस्टरमध्ये खाडाखोड करून आकडा जुळवून टाकू नका. जुनी नोंद तशीच ठेवा, फरक वेगळ्या पानावर लिहा, पाहणाऱ्याची आणि ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याची सही घ्या आणि ते पान मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवा. दुरुस्ती त्यांच्या आदेशाचा क्रमांक टाकूनच करा.