एकच अल्बम, चौदा तुकडे

कॅसेट, सीडी, एलपी आणि जुन्या हार्डडिस्कमधल्या एमपीथ्री, ही सगळी गाणी एका जागी आणायला घेतली. सीडी सोप्या. फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाज लहान फाइलमध्ये साठवणारा प्रकार) उतरवल्या की मूळ ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट हा आवाजाचा दर्जा जसाच्या तसा राहतो आणि जागा साधारण निम्मी लागते.

कॅसेटनी घाम फोडला. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. सॉफ्टवेअरचे फिल्टर लावले, व्यर्थ. शेवटी कॅसेट प्लेअरच्या हेडचा (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन ठरवणारा बारीक स्क्रू शोधला, आवाज मोनोवर टाकला (डावा-उजवा एकत्र केला) आणि कॅसेट चालू असताना स्क्रू किंचित फिरवला. झांजा एकदम लख्ख! (आधी स्क्रूच्या मूळ जागेची खूण करा, आणि चुंबकीय स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका.) प्रत्येक कॅसेटला हा कोन थोडा वेगळा लागतो, हे कंटाळवाणं आहे खरं.

मग अनेक गायकांचा एक अल्बम प्लेअरमध्ये चौदा तुकड्यांत दिसायला लागला. फोल्डरची नावं बदलण्यात दोन रविवार घालवले, मूर्खासारखे. गोम टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत होती: 'अल्बम आर्टिस्ट'चा रकाना रिकामा. पिकार्ड या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथे सगळीकडे 'विविध कलाकार' भरलं, 'आर्टिस्ट'मध्ये गायकांची नावं तशीच ठेवली आणि अल्बम जुळला.

एलपी अजून खोक्यात आहेत.