सह्याद्रीतल्या भटकंतीचा वार्षिक आढावा कसा घ्यावा
वर्षभराच्या भटकंतीचा आढावा घेताना केवळ सर केलेल्या किल्ल्यांची यादी करू नये. प्रत्येक मोहिमेपुढे ऋतू, वाट, चढाईला लागलेला वेळ, सोबत नेलेले पाणी आणि शरीराने कुठे कुरकुर केली, हे लिहावे. पाचनई गावातून सोप्या वाटेने हरिश्चंद्रगड आणि नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड या नोंदी एकाच गडाच्या असल्या, तरी त्यांची तुलना होऊ शकत नाही. अर्ध्यावरून परतलेल्या मोहिमाही टिपाव्यात, कारण धुके, निसरडा कातळ की अपुरी तयारी, यांपैकी कशामुळे माघार घ्यावी लागली, यावरच पुढचे उद्दिष्ट ठरते. माझ्या मते वहीतली सर्वांत उपयोगी पाने हीच.

उद्दिष्ट ठरवताना उंचीच्या आकड्याला भुलू नये. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई राज्यातले सर्वोच्च शिखर असले, तरी तिथे अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. अलंग आणि मदन या किल्ल्यांना मात्र दोर आणि जाणकार सोबती लागतात. दम कमी पडत असेल, तर पावसाळ्यात ओळखीच्या सोप्या वाटांवर सराव करून राजगड-तोरणा ही लांब चाल हिवाळ्यात ठेवावी. उघड्या कड्यावर पाय लटपटत असतील, तर आधी प्रस्तरारोहणाचे, म्हणजे कातळ चढण्याचे, प्रशिक्षण घ्यावे.