सरावात 5:05, ग्राउंडवर 5:25: पोलीस भरतीच्या दिवशी होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकमध्ये पहाटे पाचला गोल्फ क्लब ग्राउंडवर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, चक्कर मारलीत तर पळणाऱ्यांत निम्मी पोरं भरतीची दिसतील. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, चांदवड, येवला अशा तालुक्यांतून आलेली, पंचवटी-म्हसरूळकडे खोली करून राहणारी. यातल्या बऱ्याच जणांचं 1600 मीटरचं सरावातलं टायमिंग पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत असतं. म्हणजे 20 पैकी 20 गुण. तीच पोरं प्रत्यक्ष ग्राउंडवर, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीत, 5:25, 5:30 घेतात आणि 18 वर येतात. मेरिट एकेका गुणावर लागतं तिथे हे दोन गुण म्हणजे पुढचं सगळं वर्ष. मग ऐकायला मिळतं, "सर, पाय उचललेच नाही आज."

पाय तेच असतात. त्या दिवशी शरीर ज्या अवस्थेत असतं, त्या अवस्थेत ते आधी कधी पळालेलंच नसतं, हे खरं कारण. आपण सराव सोयीने करतो: ओळखीचं मैदान, ओळखीचे मित्र, आल्या आल्या वॉर्म-अप, मग धाव. भरतीच्या दिवशी यातलं काहीच नसतं. मेहनत कमी पडली म्हणून हुकणाऱ्यांपेक्षा त्या दिवसाची तयारी केली नाही म्हणून हुकणारी पोरं मला जास्त दिसतात, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

सर्वांत मोठी चूक: थांबण्याचा सराव कोणी करत नाही

ग्राउंडचा दिवस आठवून बघा, किंवा जो देऊन आला आहे त्याला विचारा. अंधारात गेटवर हजेरी. हॉल तिकीट आणि कागदपत्रांची तपासणी, बायोमेट्रिक, उंची, छाती. मुलांना उंची 165 सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता 79 आणि फुगवून किमान 5 सेंटिमीटर जास्त. मग चेस्ट नंबर, पायाला किंवा छातीवर धावेची वेळ मोजणारी चिप, आणि रांगेत जमिनीवर मांडी घालून बसणं. तुमची बॅच येईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. मोबाइल आत नेता येत नाही. शेजारचा सांगत असतो की त्याचं टायमिंग 4:50 आहे.

या दोन-तीन तासांत शरीराचं काय होतं? मनाला धोका जाणवला की अॅड्रिनलीन सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वरच्या वर चालतो, स्नायू ताणून धरले जातात, तोंड कोरडं पडतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं. पळायला दहा मिनिटं असताना हे झालं तर फायद्याचंच. पण पहाटे साडेपाचपासून साडेआठपर्यंत हेच चालू राहिलं तर धावायच्या आधीच माणूस थकतो. त्यात मांडी घालून बसल्याने पिंढऱ्या आखडतात, घाम सुकतो, अंग गार पडतं. आणि मग अचानक नंबर पुकारला जातो, "चला, उठा, लाइनवर या."

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण रंगीत तालीम करा. तीनला उठायचं, त्या दिवशी खाणार तेच खायचं, तेच बूट, तीच हाफ पँट. मैदानावर जाऊन मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा आणि दोन तास जमिनीवर बसायचं. कानात इयरफोन नाही, गाणी नाहीत. रोज गाण्यांच्या तालावर पळणाऱ्याला त्या दिवशी स्वतःचा श्वास ऐकूनच भीती वाटते, हे मी पाहिलं आहे. बसल्या जागी दर वीस मिनिटांनी घोटे फिरवा, पावलं ताणा-सोडा, शक्य असेल तेव्हा उभं राहून टाचा वर-खाली करा. मग कोणीतरी, कधीही, न सांगता हाक मारेल. त्यानंतर मिळतील फक्त पाच-सात मिनिटं. तेवढ्यात तीन फुटांच्या जागेत वॉर्म-अप करता आला पाहिजे: जागेवर धावणं, गुडघे वर, पाय पुढे-मागे झुलवणं, शेवटी दोन-चार झटपट उड्या. एकाच स्थितीत मिनिट-मिनिटभर स्नायू ताणून धरायचं स्ट्रेचिंग धावायच्या तोंडावर करू नका, त्याने स्नायूंचा जोर थोडा उतरतो. ते संध्याकाळी करा.

आणि वेळ लावायला रोजचा मित्र नको. अनोळखी माणूस, शिट्टी आणि शेजारी तुमच्यापेक्षा वेगाने पळणारी तीन-चार पोरं हवीत. दुसऱ्या अकॅडमीच्या मुलांना बोलवा, तीही खुशीने येतील. चार-पाच तालमी झाल्या की भरतीचा दिवस नवा राहत नाही.

हवामानाचीही तालीम लागते. 2023 मध्ये मैदानी चाचणी जानेवारीत झाली, 2024 मध्ये ती 19 जूनपासून सुरू झाली. एकदा थंडी, एकदा पावसाचं तोंड. निफाडकडची थंडी ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, पण जानेवारीत रांगेत बसताना अंगावर स्वेटर आणि पायात पूर्ण पँट ठेवा, नंबर जवळ आल्यावरच काढा. पावसाळ्यात चिखलावर, ओल्या बुटांनीही दोन-चार वेळा पळून ठेवा.

पहिली फेरी जिंकायला जाणं

1600 मीटर 5:10 मध्ये म्हणजे 400 मीटरची प्रत्येक फेरी साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. मुलींना 800 मीटरसाठी 2:50 हवेत, म्हणजे 85 सेकंदांच्या दोन फेऱ्या. आता शिट्टी वाजते, वीस पोरं एकदम सुटतात, अंगात अॅड्रिनलीन आहे, वेग जाणवतच नाही. पहिली फेरी 68 मध्ये जाते. छान वाटतं. पण त्या वेगाला लागणारा ऑक्सिजन शरीर पुरवू शकत नाही, तिसऱ्या फेरीला मांड्या भरून येतात आणि वाचवलेले नऊ सेकंद व्याजासकट परत जातात.

यावर सराव एकच: घड्याळ न बघता 400 मीटर 77-78 सेकंदांत पळणं. पळून झाल्यावर आधी अंदाज सांगायचा, मग घड्याळ बघायचं. अंदाज आणि घड्याळ यात एका सेकंदाचाच फरक उरेपर्यंत हे करत राहा. प्रत्येक मैदानावर ट्रॅक 400 चाच असेल असं नाही, फेऱ्या वेगळ्या असू शकतात, म्हणून वेग फेरीने ओळखू नका, श्वासाने ओळखा. पहिल्या फेरीत "जरा हळू चाललोय" असं वाटलं पाहिजे.

धावताना बरगडीखाली चमक भरली तर थांबू नका. वेग किंचित कमी करून दोन-तीन श्वास पूर्ण बाहेर सोडा. ती बहुतेक वेळा उशिरा खाल्ल्याने किंवा एकदम भरपूर पाणी प्यायल्याने येते. तोंड कोरडं पडलं म्हणून अर्धा लिटर ढोसणं ही त्यातली नेहमीची चूक. तो कोरडेपणा घाबरल्याचा असतो, तहानेचा नसतो. घोट-दोन घोट घेऊन खळखळून टाका. खरं पाणी आदल्या दिवसापासून पीत राहायचं.

"घाबरू नको, शांत हो" असं स्वतःला बजावणं

धडधडणारं हृदय हुकमाने शांत होत नाही. उलट "अजून धडधडतंयच" म्हणून भीती वाढते. अॅलिसन वुड ब्रुक्स या हार्वर्डच्या संशोधिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी आहेत. गाणं, भाषण, गणित अशा ताणाच्या कामाआधी काहींनी "मी शांत आहे" म्हटलं, काहींनी "मला उत्साह आलाय" म्हटलं. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. कारण भीती आणि उत्साह दोन्हींत शरीर जवळपास सारखंच वागतं. फक्त नाव बदलायचं असतं. छाती धडधडली की म्हणा, "इंजिन सुरू झालं."

रांगेत बसलेले तास मात्र वेगळे, तिथे ठोके खाली आणायचे आहेत. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा ते आठ मोजत सोडा. श्वास लांब सोडताना हृदयाची गती उतरते, हे नाडीवर बोट ठेवून स्वतः बघा. पाच मिनिटं पुरे. पण हे रोज झोपण्यापूर्वी केलेलं असेल तरच त्या रांगेत चालेल. तिथे पहिल्यांदा करून बघायला गेलात तर गुदमरल्यासारखं होईल.

नवीन काहीही

नवे बूट, नवी एनर्जी ड्रिंक, मित्राने दिलेली गोळी. एकही नको. पळण्याच्या दोन-तीन तास आधी पचायला हलकं खा: पोहे, केळी, गूळ-पोळी, रोज चालतं ते. आदल्या रात्री नाशिकला पहिल्यांदा आलात म्हणून झणझणीत मिसळ खायची हौस करू नका. ती भरती झाल्यावर खा. चहा-कॉफी रोज घेत असाल तर घ्या, नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका. कॅफिनने आधीच धडधडणारं हृदय आणखी धडधडतं.

इंजेक्शनं आणि "ताकदीच्या" गोळ्यांबद्दल मी हात जोडून सांगतो. कोणी कितीही खात्रीने देत असेल तरी घेऊ नका. मुंबईच्या 2014 च्या भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार दगावले होते, जूनच्या उन्हात. त्यानंतर अंतर कमी झालं. शरीर थांब म्हणतंय ते ऐकू येऊ न देणारं औषध उन्हात पळणाऱ्याच्या जिवावर उठू शकतं. डोकं हलकं झालं, घाम यायचा थांबला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर बाजूला व्हा. भरती पुन्हा निघते.

शेवटच्या आठवड्यात जोर लावणं

शेवटच्या सात दिवसांत ताकद वाढत नाही, थकवा वाढतो. निम्मं पळा, वेग तोच ठेवा. नडगी दुखत असेल, ज्याला सगळे शिन पेन म्हणतात, तर डांबरी रस्ता सोडून मातीवर या. आदल्या रात्री झोप येणार नाही. नाही आली तर नाही. एक रात्र कमी झोपल्याने 1600 मीटरच्या धावेचं फार बिघडत नाही, त्याआधीचे चार-पाच दिवस नीट झोपलेलं असावं. "झोप झाली नाही, आता संपलं" हा विचार झोपेपेक्षा जास्त नुकसान करतो.

गोळाफेकीत डोक्याने फेकणं

गोळा मुलांना 7.26 किलोचा, मुलींना 4 किलोचा. सरावात जी फेक सहज जाते ती ग्राउंडवर अडकते, कारण तिथे आपण कोपर, कंबर, पाय, हनुवटी असं एकेक तपासत बसतो. हाताला पाठ झालेली कृती तुकड्या-तुकड्याने आठवायला गेलं की तिची लय मोडते. वर्तुळात शिरल्यावर एकच शब्द मनात ठेवा. मी मुलांना "ढकल" देतो, कारण गोळा ढकलायचाच असतो आणि घाईत सगळे तो चेंडूसारखा फेकतात, मग खांदा दुखावतो. कृतीतल्या चुका सुधारायच्या त्या सरावात.

एक प्रकार बिघडला की पुढचे सोडून देणं

1600 ला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15, मुलींना 1600 च्या जागी 800. एकूण 50. धावेत चार गुण गेले तरी 30 अजून समोर असतात. पण पोरगं मान खाली घालून गोळ्याच्या रांगेत उभं राहतं आणि तिथेही घालवतं.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सगळ्यांना माहीत असावा. रिओ 2016 ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, 13 वा आलेला नौकानयनपटू. 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला तब्येत बिघडलेली असताना सिंगल स्कल्सच्या अंतिम फेरीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. कालच्या निकालाचं ओझं घेऊन तो त्या नावेत बसला असता तर उरलेल्या तिघांचंही पदक गेलं असतं.

बिघडल्यावर काय करायचं हे बिघडल्यावर ठरवता येत नाही. महिनाभर आधी वहीत लिहून काढा, "असं झालं तर मी हे करणार" अशा वाक्यांत, आणि ती वाक्यं रंगीत तालमीत वापरून बघा. पहिल्या फेरीत मागे पडलो तर पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून तोच वेग धरीन. पहिली फेक फाऊल गेली तर वर्तुळाबाहेर येऊन तीन लांब श्वास, मग पुढची. टायमिंग वाईट आलं तर पाणी पिईन, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधीन आणि 100 मीटरच्या रांगेत जाईन. घरच्यांनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तिन्ही प्रकार होईपर्यंत फोन लागणार नाही, आणि संध्याकाळी मीच करीन. वडील गेटबाहेर थांबले असतील तर मध्येच त्यांचा चेहरा वाचायला कुंपणापाशी जाऊ नका.