क्लोन शिंगराचे पहिले २४ तास

इटलीतील क्रेमोना येथे २८ मे २००३ रोजी प्रोमेतेआ ही जगातील पहिली क्लोन घोडी जन्मली. पुढे अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील १४ क्लोन शिंगरांच्या नोंदी २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ६ शिंगरांना उपचारांची गरज भासली नाही, ८ शिंगरांना भासली आणि त्या आठांपैकी २ पहिल्या आठवड्यातच दगावली. मंदपणा, नाळेचा जाड देठ आणि पुढच्या पायांचा वाकडेपणा हे मुख्य दोष होते. वाचलेल्या शिंगरांमधील हे दोष मात्र उपचारांनी बरे झाले. जन्मतः अशक्त असलेले शिंगरू वाचू शकते, हे या नोंदींतून मला सर्वांत मोलाचे वाटते. माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात, अकलूजच्या घोडेबाजाराच्या आशेवर एकेक घोडी जिवापाड सांभाळणाऱ्यांनाही अशा शिंगरांच्या शुश्रूषेचा पुढे दिलेला क्रम उपयोगी पडेल.

तयारी विण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करावी. क्लोन गर्भ पोटात वाढवणारी (सरोगेट) घोडी ज्या जागी विणार आहे तेथेच तेव्हापासून ठेवावी, म्हणजे तेथील जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या चिकात उतरते. धनुर्वाताची लसही ४ ते ६ आठवडे आधी द्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे सावली व खेळती हवा हवी, परंतु खालचे काड कोरडेच राहिले पाहिजे.

क्लोन गर्भाच्या अडचणींचे मूळ वारेत असू शकते. विताना पांढरट, पातळ पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली, तर वार आधीच सुटली असून शिंगराचा प्राणवायू तुटत आहे असे समजावे, आणि डॉक्टरांची वाट न पाहता ती पिशवी फाडून घोडीच्या कळांबरोबर शिंगरू बाहेर ओढावे. वार ३ तासांत पडली पाहिजे. ती फेकून न देता बादलीत झाकून ठेवावी. डॉक्टर ती पसरून पाहतात व वजन करतात. तिचे वजन सर्वसाधारणपणे शिंगराच्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास असते.

नाळ कापण्याची घाई करू नये, ती बहुधा आपोआप तुटते. जाड देठातून रक्त वाहिले तर स्वच्छ दोऱ्याने बांधावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीनमध्ये ती दिवसातून काही वेळा बुडवावी. हळद, राख किंवा तीव्र आयोडीन लावू नये.

निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते आणि दोन तासांत दूध पिऊ लागते. उशीर होत असेल तर तिसरा तास उलटण्याची वाट पाहू नये, कारण चिकातील प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) शोषण्याची आतड्याची क्षमता झपाट्याने घटते आणि २४ तासांत संपते. चाळीस-पन्नास किलोच्या शिंगराला पहिल्या ६ ते ८ तासांत किमान एक लिटर चांगला चीक मिळायला हवा. ब्रिक्स मापक (चिकाचा दाटपणा मोजणारे साधन) उपलब्ध असेल तर २३ किंवा त्याहून अधिक वाचन चांगल्या चिकाचे लक्षण मानावे. शिंगराला चोखता येत नसेल तर डॉक्टरांकडून नळीने चीक द्यावा. आडव्या पडलेल्या शिंगराच्या तोंडात बाटली ओतल्यास दूध फुप्फुसात जाते, आणि हीच चूक मला सर्वाधिक घातक वाटते. घोडी पूर्वी व्यायलेली असेल, तर तिच्या चिकातील प्रतिपिंडे शिंगराच्या रक्तपेशींवर हल्ला करू शकतात. क्लोन शिंगराचा वंश तिच्यापेक्षा वेगळा असल्याने रक्तगट आधीच तपासून घेणे शहाणपणाचे आहे. हिरड्या पिवळ्या पडल्या किंवा लघवी लालसर झाली तर तिचे दूध थांबवून त्वरित डॉक्टरांना बोलवावे.

जन्मानंतर १८ ते २४ तासांनी रक्तातील आयजीजी (चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण) तपासावे. दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण समाधानकारक असते. ४०० पेक्षा कमी असल्यास प्लाझ्मा (रक्तद्रव) द्यावा लागतो. वाकडे पाय स्वतः फळ्या बांधून सरळ करू नयेत, कारण घट्ट पट्टीने कातडी मरते. शरीराचे तापमान ३७.२ ते ३८.९ अंश सेल्सिअस असावे; ते पहाटे व सायंकाळी मोजावे, कारण भर दुपारचा आकडा फसवू शकतो. पुढील काही आठवडे नाळेतून लघवी ठिबकते का आणि सांधे गरम किंवा सुजलेले आहेत का, हे रोज हात फिरवून पाहावे. यांतील काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.