लिस्बनमध्ये जोडीने निवांत भटकताय? या चुका टाळा

निवांत दिवस म्हणजे काहीच न ठरवता बाहेर पडायचं, असा एक समज असतो. लिस्बनमध्ये तो हमखास अंगाशी येतो. शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि दुपारी दोघांत जी धुसफूस सुरू होते, तिचं कारण बहुतेक वेळा सकाळी उगाच चढलेला चढ असतो.

खालून वर चालत सुटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बायशा या खालच्या सपाट मध्यवर्ती भागातून समोरच टेकडीवरचा किल्ला दिसतो, मोबाइलचा नकाशा अंतरही थोडंच दाखवतो. पण पायऱ्या किती आणि चढ किती, ते त्या आकड्यात दिसत नाही. अर्ध्या तासात एकजण दहा पावलं पुढे आणि दुसरा घाम पुसत मागे, अशी स्थिती होते.

म्हणून दिवस उलटा लावा. सकाळी ट्राम किंवा बसने वर ग्रासा या टेकडीवरच्या भागात जा. तिथल्या सेन्योरा दो मोंते या उंच जागेच्या कठड्यावरून शहर डोळे भरून बघा आणि मग पोर्तास दो सोल या खालच्या कठड्यामार्गे उतरायला लागा. तिथून अगदी दोन पावलांवर सांता लुझिया आहे. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं एक चित्र आहे, नदीकाठच्या चौकाचं. १७५५ च्या भूकंपाआधी तो चौक कसा दिसायचा, ते त्यात आहे. बहुतेक लोक नदीकडे तोंड करून फोटो काढतात आणि या भिंतीकडे पाठ फिरवून निघून जातात. तुम्ही पाच मिनिटं थांबा, कारण संध्याकाळी त्याच चौकात पोहोचायचं आहे.

खाली अल्फामा हा जुना भाग. भूकंपात बायशा जमीनदोस्त झाला आणि नंतर सरळ रेषेत आखून बांधला गेला. अल्फामा मात्र बराचसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या अजून वेड्यावाकड्या आहेत. इथे दर वळणावर फोन काढू नका. उतार धरून चालत राहिलं की तेजू नदी येतेच.

चपला मात्र विचार करून घाला. इथले फूटपाथ गुळगुळीत झालेल्या छोट्या दगडांचे आहेत, पावसात ते फार निसरडे होतात.

दोघांत एकच सगळं

एकच प्रवास कार्ड दोघांनी वापरायला गेलात तर चालत नाही, प्रत्येकाचं नावेगान्ते कार्ड वेगळं लागतं. इंटरनेटही दोघांच्या फोनवर हवं. आणि दोन्ही पासपोर्ट, सगळे पैसे एकाच बॅगेत ठेवून २८ नंबरच्या ट्राममध्ये चढू नका. तिथे खिसेकापू असतात, दुपारी तर पाय ठेवायला जागा नसते. त्या ट्रामची हौस असेल तर सकाळी लवकर जा.

बायशातून वर कार्मोला नेणाऱ्या सांता जुस्ताच्या लिफ्टच्या रांगेत अर्धा दिवस घालवणारे खूप. १९०२ सालची ही लिफ्ट सुंदर आहे, पण खालून बघायलाही ती तितकीच छान वाटते. कार्मोच्या चौकात चालत गेलात तर लिफ्टच्या वरच्या पुलापाशीच पोहोचता.

बेलें हा भाग याच दिवसात कोंबू नका. ते बरंच पश्चिमेला आहे, आणि तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो.

जेवायला बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता नम्रपणे परत करा, बिलावरून वाद होणार नाही.

दिवसभर चिकटून राहणं

एकाला फरशांची दुकानं बघायची असतात, दुसऱ्याला कॉफी घेऊन नुसतं बसायचं असतं. दोघांनी मन मारण्यापेक्षा तासभर वेगळे व्हा. त्यात रुसण्यासारखं काही नाही, उलट भेटल्यावर बोलायला विषय मिळतो. भेटायची जागा आधी ठरवा: प्रासा दो कोमेर्सियो, राजा जोझेच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी. भिंतीवरच्या चित्रातला चौक तो हाच.

रात्री फादो, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायचं असेल तर टेबल आधी राखून ठेवा. गाणं सुरू असताना बोलत नाहीत, ऑर्डरही दोन गाण्यांच्या मध्येच द्यायची. उशीर झाला तरी टॅक्सीसाठी धावाधाव नको. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते, आणि सांता अपोलोनिया स्टेशन अल्फामाच्या पायथ्याशीच आहे.