शेतात खोदताना प्राचीन दफन आढळल्यास काय करावे?

नाशिक जिल्ह्यात विहीर, शेततळे किंवा द्राक्षबागेची चारी खोदताना जुने रांजण, हाडे किंवा मुद्दाम मांडल्यासारखे मोठे दगड लागले, तर जेसीबी लगेच थांबवावा आणि उकरलेली माती बांधावर न पसरता जवळच वेगळी रचून ठेवावी.

मातीबद्दलचा हा आग्रह सकारण आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंज ही नवाश्मयुगीन महापाषाणीय (प्रचंड दगडांनी बांधलेली) कबर 1699 मध्ये मजूर तिचे दगड काढून नेत असताना उघडी पडली. पुढे अडीच शतके लोक तिच्या दालनात ये-जा करत राहिले, त्यामुळे 1962 ते 1975 या काळात पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओ'केली यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले तेव्हा तेथे मोजक्याच व्यक्तींच्या अस्थींचे तुकडे उरले होते. कबरीचा काळ, सुमारे इ.स.पू. 3200, ठरला तो छताच्या दगडांमधील फटींत भरलेल्या जळक्या मातीतील कोळशावरून.

विदर्भातील शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळे, लोहयुगातील आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात मात्र त्याहून जुन्या, ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची दफने मिळतात. त्यांत लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन आडव्या कुंभांत, बहुधा घराच्या जमिनीखाली पुरलेले असते. असा कुंभ उचलू नये, रिकामा करू नये आणि धुण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण नेवासे येथे एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते आणि पाण्याच्या एका धारेने ते कायमचे गेले असते.

शेजारी मोजपट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून छायाचित्रे घ्यावीत आणि जमिनीपासूनची खोली लिहून ठेवावी. उघडी हाडे उन्हात तडकतात, म्हणून त्यांवर स्वच्छ कापड घालून भुसभुशीत माती लोटावी.

मानवी हाडे असल्यास प्रथम पोलीस ठाण्यात कळवावे, कारण ती किती जुनी आहेत हे नुसत्या नजरेने ठरत नाही. 1878 च्या निखात निधी (पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. वस्तूचे मोल स्वतः न ठरवता सूचना द्यावी हेच योग्य. तिची प्रत राज्य पुरातत्त्व विभागालाही द्यावी. लागवड लांबते ही अडचण खरी आहे, म्हणून अर्जात गट क्रमांक, खोली आणि कामाची निकड स्पष्ट लिहून लवकर पाहणीची विनंती करावी.