कीबोर्ड पार्ट्सच्या ग्रुप बायसाठी सॉफ्टवेअर बनवताय? मग आधी पैशांची वही बनवा

मेकॅनिकल कीबोर्डच्या नादाला लागलेल्यांना ग्रुप बाय म्हणजे काय ते सांगायला नको, पण ज्यांना मित्राने फक्त कोड लिहायला बोलावलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीच्या जीएमके कंपनीकडून नवीन रंगांचा कीकॅप सेट (म्हणजे बटणांवरच्या टोप्या) काढायचा किंवा चीनमधून स्वतःच्या डिझाइनची पीसीबी, म्हणजे कीबोर्डचा सर्किट बोर्ड, बनवून घ्यायची तर दोन-चार नगांचा भाव परवडत नाही, आणि कीकॅपच्या बाबतीत तर फॅक्टरी ठरावीक आकड्याच्या खाली काम हातातच घेत नाही. म्हणून लोक आधी पैसे जमा करतात, एकत्र ऑर्डर टाकतात आणि मग वाट बघतात. चार महिने, आठ महिने, २०२१ च्या सुमाराला तर कीकॅपसाठी वर्षाच्या वर थांबलेले कितीतरी जण होते.

ही वाट बघणं नीट लक्षात घ्या, कारण सगळं डिझाइन त्याच्यावरच उभं आहे. नेहमीच्या ऑनलाइन दुकानात पैसे दिले, चार दिवसांत वस्तू आली, विषय संपला. इथे दुसऱ्यांचे पैसे तुमच्या खात्यात नाहीतर फॅक्टरीकडे महिनोन्महिने असतात, आणि परदेशी ग्रुप बायमध्ये पेपलने पैसे भरलेले असतील तर तक्रार करायची मुदत आहे १८० दिवस, म्हणजे बऱ्याचदा माल यायच्या आधीच तीही संपते. उरतो तो फक्त विश्वास. म्हणून सॉफ्टवेअरचं पहिलं काम एकच, कधीही विचारलं की कोणाचे किती पैसे आत्ता कुठे आहेत, तर लगेच उत्तर मिळालं पाहिजे. कार्ट, फोटो, डार्क मोड हे सगळं त्याच्यानंतर.

आमच्या पुण्यातल्या ग्रुपने ६० टक्के लेआउटच्या (नमपॅड, बाण आणि फंक्शन की नसलेल्या छोट्या कीबोर्डच्या) पीसीबी आणि स्विच बसवायच्या एफआरफोरच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, प्लेट मागवल्या तेव्हा ३४ जण होते आणि सगळा हिशोब मी एका स्प्रेडशीटमध्ये ठेवला होता. एका रात्री नावांप्रमाणे सॉर्ट करायला गेलो आणि एक कॉलम सिलेक्शनच्या बाहेर राहिला, नावं हलली पण लेआउटचा कॉलम जागच्या जागी राहिला, म्हणजे ज्याला सात युनिटचा (साध्या अक्षराच्या कीची रुंदी म्हणजे एक युनिट) स्पेसबार हवा त्याच्यापुढे सव्वासहा युनिटची प्लेट. दोन दिवसांनी एकाने विचारलं म्हणून कळलं. तेव्हा ऑर्डर गेली नव्हती म्हणून निभावलं, पण त्या दोन दिवसांत मी इतर १० बदल त्याच शीटमध्ये केले होते, ते सोडवता सोडवता सगळा रविवार गेला. तेव्हाच ठरवलं की पुढचा ग्रुप बाय शीटवर करायचा नाही.

तर वही. किराणा दुकानदाराची उधारीची वही बघितलीय ना, चूक झाली तर तो पान फाडत नाही, रेघ मारून खाली नवीन ओळ लिहितो. तुमचं टेबलही तसंच ठेवायचं. प्रत्येक ओळीत कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, किती, कुठल्या ऑर्डरपोटी, कधी आणि कोणी नोंदवलं एवढं पुरतं. खाती म्हणजे प्रत्येक सभासद, बँक, फॅक्टरी, मालवाहतूक, कस्टम, परतावा. या टेबलातली ओळ बदलायची नाही, पुसायची नाही, चुकलं तर उलटी नोंद टाकायची, आणि हा नियम कोडमध्ये नाही तर डेटाबेसमध्येच लावा, ॲपच्या युजरला अपडेट आणि डिलीटची परवानगीच देऊ नका. बाकी रकमेचा वेगळा कॉलम ठेवायचा मोह होतो, तो ठेवू नका. बाकी ही नेहमी बेरीज करून काढायची, नाहीतर एक दिवस कॉलम एक सांगतो आणि नोंदी दुसरंच.

रक्कम पैशांत ठेवा, पूर्णांकात. ४,८५० रुपये म्हणजे ४८५००० पैसे. दशांश फ्लोटमध्ये ठेवलेत तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि अशा शेपट्या जमत जाऊन शेवटी हिशोब जुळत नाही. भागाकाराचंही तसंच आहे, समजा मालवाहतुकीचे ७,००० रुपये ३४ जणांत वाटायचेत, माणशी २०५ रुपये ८८ पैसे, पण ते ३४ ने गुणलं तर येतात ६,९९९ रुपये ९२ पैसे. आठ पैसे गेले कुठे? पहिल्या आठ जणांना एक-एक पैसा जास्त लावायचा, आणि पहिले आठ कोण ते ऑर्डर नंबरवरून, म्हणजे कितीही वेळा हिशोब चालवला तरी तेच उत्तर. आठ पैशांसाठी कोणी भांडणार नाही हे खरंय, पण सगळं वाटून झाल्यावर खात्याची बाकी शून्यावर येते की नाही ही तुमची एकमेव खात्रीशीर तपासणी आहे, ती आठ पैशांनी चुकू द्यायला लागलात की आठ हजारांची चूकही त्यातच लपते.

आता पैसे येण्याचा भाग, इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. पेपल भारतातल्या भारतात एप्रिल २०२१ पासून बंद आहे आणि पेमेंट गेटवे लावला तर प्रत्येक व्यवहारामागे कमिशन जातं, त्यामुळे छोट्या ग्रुपमध्ये सरळ यूपीआय चालतं. पण लोक स्क्रीनशॉट पाठवतात आणि आपण तो बघून पैसे आले असं टिकमार्क करतो, हे करू नका. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आले तेच पैसे. स्टेटमेंटची फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि तिथून जुळवायचं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी नंबर असतो, त्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावा म्हणजे एकच पेमेंट दोनदा धरलं जाणार नाही. जुळवण्यासाठी एक युक्ती मला फार उपयोगी पडली, प्रत्येक ऑर्डरच्या रकमेत रुपयांनंतरचे पैसे वेगळे ठेवायचे, १७ नंबरच्या ऑर्डरला ४,८५० रुपये १७ पैसे. नोट लिहायला लोक विसरतात, बायकोच्या नाहीतर वडिलांच्या खात्यातून भरतात, नाव जुळत नाही, पण रक्कम जुळते. यूपीआय लिंक किंवा क्यूआरमध्ये रक्कम आधीच भरून देता येते त्यामुळे समोरच्याला टाइप करायचीच नसते. हे जादाचे पैसे वहीत त्या सभासदाच्याच नावावर जमा, शेवटच्या हिशोबात वळते.

वस्तूंची रचना साधी वाटते पण नाहीये. कीकॅप सेट म्हणजे एक वस्तू नव्हे, बेस किट, नॉव्हेल्टी (चित्रांच्या कीकॅप), स्पेसबार, नमपॅड अशी किटं असतात आणि प्रत्येक किटचा किमान आकडा म्हणजे एमओक्यू वेगळा. बेस भरलं आणि स्पेसबारचं किट आकडा न गाठल्याने पडलं तर ज्यांनी दोन्ही घेतलेत त्यांचं काय करायचं? हा प्रश्न ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा: एखादं किट पडलं तर बाकीचं पाठवू की सगळं रद्द करू? प्रत्येक ऑर्डरवर हे उत्तर साठवा. नंतर ३४ जणांना मेसेज करून विचारायला गेलात तर निम्म्यांचं उत्तर यायलाच आठवडा जातो. त्यातही एक गुंता आहे, कोणी सगळं रद्द म्हणाला की त्याचं बेसही कमी होतं आणि त्यामुळे बेसचा आकडा खाली येऊ शकतो, म्हणून ही मोजणी एकदा करून थांबू नका, काही बदलायचं बंद होईपर्यंत परत परत चालवा.

लेआउट निवडताना नुसती यादी देऊ नका, चित्र दाखवा. नवीन माणसाला आयएसओ एंटर (उभी, मोठी) आणि एएनएसआय एंटर (आडवी), उजवी शिफ्ट पावणेतीन युनिटची की पावणेदोन, हे शब्दांत कळत नाही, चित्रावर बोट ठेवलं की कळतं. आणि जुळत नसलेलं कॉम्बिनेशन निवडताच आलं नाही पाहिजे, समजा प्लेट फक्त सात युनिटच्या स्पेसबारची आहे तर सव्वासहाचे स्टॅबिलायझर (लांब की सरळ दाबली जावी म्हणून खाली लावायचे आधार) घेताना तिथेच अडवा.

भाव ऑर्डरच्या ओळीवर कॉपी करून ठेवा, वस्तूच्या टेबलातून प्रत्येक वेळी वाचू नका. डॉलर हलला म्हणून तुम्ही वस्तूचा भाव बदललात तर आधी ऑर्डर केलेल्यांची बिलंही मागून बदलतील, आणि हे झालेलं मी बघितलंय, लोक फार चिडतात आणि बरोबरच चिडतात. ३० नगांना एक भाव आणि ५० नगांना दुसरा असं असेल तर सगळ्यांकडून ३० चा भाव घ्या, ५० झाले तर फरक परत द्या. उलटं करून नंतर जादा मागायला जाऊ नका.

स्टेटस तीन पातळ्यांवर वेगवेगळं ठेवा. अख्ख्या ग्रुप बायचं वेगळं, एकेका माणसाच्या ऑर्डरचं वेगळं आणि ऑर्डरमधल्या एकेका वस्तूचं वेगळं, कारण प्लेट मार्चमध्ये येते आणि पीसीबी जूनमध्ये, आणि कोणीतरी म्हणतो माझी प्लेट आत्ताच पाठव. एकच स्टेटस ठेवलंत तर अशा माणसाची ऑर्डर पाठवली म्हणायची की नाही पाठवली?

बंद व्हायची वेळ लिहिताना रात्री १२ असं लिहू नका, कोणती रात्र यावर वाद होतो. ११:५९ लिहा, साठवताना यूटीसीमध्ये साठवा, दाखवताना बघणाऱ्याच्या वेळेत दाखवा, ग्रुपमध्ये दुबई आणि कॅलिफोर्नियातले आपले लोक असतातच. नगांना वरची मर्यादा असेल, समजा फक्त ५०, तर शेवटच्या मिनिटाला दोघांनी एकदम बटण दाबलं की ५१ होतात, म्हणून मोजणी आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्या वस्तूची ओळ लॉक करून.

माघार घेणारे असणारच, नोकरी जाते, लग्न ठरतं. फॅक्टरीला पैसे जाईपर्यंत पूर्ण परतावा आणि त्यानंतर परतावा नाही पण जागा दुसऱ्याला देता येईल, हा नियम मला न्याय्य वाटतो. जागा बदलली की वहीत दोन नोंदी, ऑर्डरच्या मालकाचं नाव बदललं एवढ्यावर भागवू नका. खराब निघणाऱ्या नगांसाठी थोडे जास्त मागवावे लागतात, ३४ ला चार वगैरे. त्यांचा खर्च भावात धरलाय हे उघड लिहा, आणि उरलेले विकून आलेले पैसे कोणाचे तेही आधीच.

पत्ता सुरुवातीला घेऊ नका. आठ महिन्यांत भाडेकरू घर बदलतात आणि पार्सल जुन्या फ्लॅटवर जातं. पाठवायच्या आठवड्यात लिंक देऊन मागा, पिनकोड सहा आकडी आहे का एवढं तपासा, आणि पोचल्यावर महिनाभराने पत्ता व फोन नंबर पुसून टाका. वहीत नोंदी राहतात, पत्त्याची तिथे गरज नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी लोकांचे घरचे पत्ते आपल्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं पडून राहणं बरं नाही.

सगळ्यांना दिसेल असं एक पान हवंच: जमा किती, फॅक्टरीला गेले किती, शिल्लक किती, शेवटची अपडेट कधी. नावं नकोत, आकडे पुरेत, आणि ते सरळ वहीतून यायला हवेत, हाताने टाइप केलेले नाही. १५ दिवस अपडेट नसेल तर सॉफ्टवेअरने आयोजकाला आठवण करावी. अजून काही नवीन नाही, एवढी अपडेटसुद्धा लोकांना पुरते, काहीच न बोलल्याने मात्र घबराट होते.

पॅकिंगची यादी नावाप्रमाणे नको, कॉम्बिनेशनप्रमाणे काढा, एकसारखी पार्सलं एकापाठोपाठ भरली की हात चुकत नाही. प्रत्येक वस्तूचं वजन एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून डेटाबेसमध्ये टाका, मग भरलेल्या पार्सलचं अपेक्षित वजन सॉफ्टवेअर सांगेल आणि काट्यावर कमी आलं तर काहीतरी राहिलंय. आकारमानाचं वजनही तिथेच काढा, बरेच कुरिअर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात, म्हणजे ४० बाय २० बाय १० चा खोका आत एक किलो असला तरी १.६ किलो धरला जातो.

तंत्रज्ञानाचं फार मनावर घेऊ नका. जँगो आणि पोस्टग्रेस असेल तर ॲडमिनचे स्क्रीन आयते मिळतात, १०० जणांच्या ग्रुपला एसक्यूलाइटही पुरतं, फक्त त्यात युजरला परवानग्या द्यायची सोय नाही, तिथे अपडेट आणि डिलीट ट्रिगरने अडवा. रोजचा बॅकअप मात्र दुसऱ्या कोणाकडे तरी जाऊ दे, आणि एका भरवशाच्या माणसाला पूर्ण ॲक्सेस द्या, तुम्ही आजारी पडलात तर ३४ जणांचे पैसे अडकायला नकोत.

घोषणा करायच्या आधी तीन मित्रांना घेऊन एक खोटा ग्रुप बाय चालवा, एक-एक रुपयाचा. एकाला मुद्दाम चुकीची रक्कम भरायला सांगा, एकाला वडिलांच्या खात्यातून, आणि एकाला पैसे भरून माघार घ्यायला. तिघांचा हिशोब शून्यावर आला आणि तुम्हाला एकदाही डेटाबेस उघडून हाताने काही दुरुस्त करावं लागलं नाही, तर इंटरेस्ट चेक, म्हणजे किती जणांना हवंय ते विचारणारी पहिली पोस्ट, टाकायला हरकत नाही.